साइटची मालकी आणि यात्रेचा रस्सा

मच्छे गावातल्या एका फौंड्रीत मी स्टोअर सांभाळते. कॉम्प्युटरचा आणि माझा संबंध एवढाच, की मागं एकदा आमच्या गावच्या यात्रेची पत्रिका ऑफिसात बसून देखणी करून छापली होती. ती बघून मॅनेजरसाहेबांनी ठरवून टाकलं, की बाईंना यातलं फार कळतं. झालं, कंपनीची साइट माझ्या गळ्यात पडली. साइट म्हणजे सगळ्या खात्यांनी एका जागी बघायची पानं: गाड्यांचं वेळापत्रक, ड्रॉइंगं, रजेचे अर्ज. बेंगळुरूच्या आयटीवाल्यांनी रिकामा सांगाडा पाठवला होता. मी त्यात चौकटी टाकल्या, रंग बदलले, बटणांवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी असं तिन्हीत लिहिलं, म्हणजे कुणाची तक्रार नको. कोड कशाशी खातात ते मला आजही ठाऊक नाही. पण सकाळी ते पान उघडलं की बरं वाटायचं. माझं होतं ते.

साइटवर माणसं तीन प्रकारची असतात. काही नुसती बघणारी, काही बदल करू शकणारी आणि काही मालक. मालकाला काहीही करता येतं, काहीही पुसताही येतं. मी शहाण्यासारखी एकटीच मालक राहिले होते. मग मेंटेनन्सचे अण्णा आले. अण्णा निवृत्तीला टेकलेले, सगळ्या मशिनी त्यांच्या हाताखालून गेलेल्या.

"म्हंजे मी नुसतं बघत बसायचं?"

"अण्णा, तुम्हाला बदलायचंय काय त्यात?"

"काय बी न्हाय. पर मान हाय का न्हाय माणसाला?"

आमच्याकडं यात्रेत पहिला नारळ कुणाचा यावरून भावकी वर्षानुवर्षं बोलत नाही. तिथं मी अण्णांशी काय वाद घालणार? केलं त्यांना मालक. दुपारपर्यंत बातमी क्वालिटीत पोचली, तिथून अकाउंट्सला, तिथून निपाणीच्या डेपोत. डेपोचे आप्पा फोनवर म्हणाले, "आम्ही लांब हाय म्हणून परकं व्हय?" त्यांनाही केलं. शेवटी कंपनीत मालक नसलेला एकटा गेटवरचा वॉचमन उरला, आणि तोही तोंड पाडून बसला होता.

मग अण्णांच्या पुतण्याचा वाढदिवस आला. चौकात बॅनर लागला होताच, अण्णांनी तो साइटच्या पहिल्या पानावरही लावला. पुतण्या गॉगल घालून मधोमध, शुभेच्छुक म्हणून अण्णा कोपऱ्यात. फोटो जरा मोठा होता, जागा पुरेना, म्हणून त्यांनी खालची चौकट काढून टाकली. ती नेमकी गाड्यांच्या वेळापत्रकाची होती. "म्या माझ्यापुरतंच काढलतो," असं ते नंतर मला शपथेवर सांगत होते. निपाणीत गाडी पोचली तेव्हा माल उतरवायला एकही माणूस हजर नव्हता. आप्पांनी वेळ बघायला साइट उघडली, तर समोर गॉगल.

साइटच्याच कचऱ्याच्या डब्यातून ती चौकट मी परत काढली, पण बोभाटा बेंगळुरूपर्यंत गेला होता. तिथल्या आयटीच्या साहेबांनी फोन करून दोन गोष्टी सांगितल्या. पुढच्या सोमवारपर्यंत मालकांची ही जत्रा मोडायची, आणि माझ्या गैरहजेरीत सांभाळेल असा भरवशाचा एकच दुसरा मालक दाखवायचा. जमलं नाही तर साइट ते काढून घेणार. मग एक ओळ बदलायची तरी बेंगळुरूला अर्ज करायचा आणि वाट बघत बसायचं. फोन ठेवला आणि मला रडूच आलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत स्वतःच्या डोक्यानं उभी केलेली ती एकच गोष्ट होती.

त्या सोमवारच्या आदल्याच दिवशी, रविवारी, आमच्या गावची यात्रा होती. रिवाजाप्रमाणं सगळी कंपनी आमच्याकडं जेवायला. रश्श्याच्या हंड्याशी सासूबाई. यात्रेच्या रश्श्याला त्या दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. लग्न होऊन आल्यापासून दर यात्रेला मी त्यांच्या शेजारी नुसती उभी असते. मीठ घालतील तेव्हा बघायचं, उकळी आली की बघायचं. यावरचा माझा राग फार जुना आहे.

अण्णा सवयीनं आत आले आणि मदत म्हणून हंड्यात पळी घालू लागले. सासूबाईंनी मान वर न करता सांगितलं, "अण्णा, पानावर बसा. काय पायजे ते मागा, पोटभर वाढतो. पर चुलीपाशी हात एकच." मशिनींना दम देणारे अण्णा मुकाट्यानं पंगतीत जाऊन बसले, आणि तीनदा रस्सा मागून घेतला. मान गेल्याचं काही त्यांच्या तोंडावर दिसलं नाही.

पाहुणे पांगल्यावर मी सासूबाईंना बेंगळुरूची अट सांगितली. साइट म्हणजे काय ते सांगत बसले नाही. एवढंच म्हटलं, की माझ्या चुलीला दुसरा हात मागतायत. आणि मग मनातलं तोंडावर आलंच. "तुम्ही कधी ठेवलाय का दुसरा हात?"

त्या हंडा घासायचं थांबल्या. "मग तू कोण गं? उद्या मी पडलो तर रस्सा कोण करनार? उगंच व्हय तुला इतकी वर्सं शेजारी हुबी केली?"

मी त्यांच्या हातातला हंडा ओढून घेतला आणि घासायला बसले.

सोमवारी मी सगळ्यांची मालकी काढली. अण्णा तणतणत आले. मी म्हटलं, "अण्णा, पानावर बसा." ते आधी बघत राहिले, मग हसू दाबत वळले. दारापर्यंत गेल्यावर मी त्यांना परत हाक मारली आणि माझ्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ओढली. बेंगळुरूला दुसरा मालक म्हणून त्यांचंच नाव कळवलं होतं.

"बसा हितं. माऊसला हात लावायचा न्हाय. मी करते ते नुसतं बघायचं."

"किती दिस?"

"ते सासूबाईंना विचारून सांगते," मी म्हटलं, आणि वेळापत्रकाचं पान उघडलं.