जीवराम नानांचे धाबे

जीवराम नाना हे आमच्या चोपडा तालुक्यात धाबे घालणारे जुने कारागीर होते. धाबे म्हणजे मातीचे सपाट छप्पर. लाकडी सऱ्यांवर, म्हणजे आडव्या वाशांवर, काट्याकुट्यांचा थर, त्यावर चिखल आणि सर्वांत वर खारी माती. ही माती दरवर्षी आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, नव्याने अंथरावी लागते. ओली झाली की ती मिटून बसते आणि पाण्याचा थेंब आत येऊ देत नाही.

रुपचंदच्या मळ्यातील गोठ्याचे धाबे नानांच्या वडिलांनी घातले होते. पुढे चाळीस वर्षे नानांनी ते राखले. रुपचंद जळगावला चित्रकला शिकवीत असे. १९९१ साली त्याने बैल विकले आणि गोठ्याचे चित्रदालन करण्याचे ठरवले. नानांना आनंदच झाला. चार जाणती माणसे येतील, हे काम कोणाचे म्हणून विचारतील, असे त्यांना वाटले.

आखाजी झाल्यावर गाढवांवर माती लादून ते मळ्यात पोहोचले, तर धाब्यावर सिमेंटचा लेप चढत होता.

"नाना, मातीची धूळ चित्रांवर पडते. आता गाढवांचा जमाना गेला," रुपचंद म्हणाला.

"गधडा गयात ना? मंग हाई सिमीट कोन चढाई ऱ्हायनं?"

गवंडी हसले. रुपचंद हसला नाही. लाकूड उन्हात हलते, सिमेंट हलत नाही, हे नानांनी त्याला तीन वेळा समजावले. तो ऐकेना. राग गिळून नाना मातीसह परतले.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी रुपचंद स्वतः त्यांना बोलावण्यास आला. लेपाला बोटभर भेगा पडल्या होत्या, आभाळ भरले होते आणि आत चित्रे लागली होती.

"नाना, भेगांत तुमची माती भरून द्या."

"सिमीटवर माती धरत नही, भाऊ. बठ्ठं उखाडनं पडी. चित्रं उतार."

"सगळे उखडायचे? उद्या पाहुणे येणार! दोन दिवस निभावले म्हणजे झाले."

नाना परत फिरणार होते. परंतु खालच्या सऱ्या वडिलांनी निवडून आणलेल्या होत्या. ते वर चढले. माती वाहून जाणार हे ठाऊक असूनही त्यांनी प्रत्येक भेग दाबून भरली. खाली उतरल्यावर ते म्हणाले, "पाव्हनास्नी जर इचारं, हाई काम कोनं, ते मन्हं नाव सांगू नको."

"नाना, असे काय बोलता?"

नाना घराकडे चालू लागले. उद्घाटनाची पत्रिका त्यांच्या घरी आली होती. ते गेले नाहीत.