उभ्यानं प्यालेलं पाणी

तमाम ग्रामस्थ, पैपाहुणे, नदीपलीकडची सोयरीक आणि माझे स्वतःचे मिस्टर यांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, सदर लेखिका बसायला शिकली आहे. एका जागी. पाय न हलवता. ज्यांचा विश्वास बसणार नाही त्यांनी घरी येऊन समक्ष खात्री करून घ्यावी. चहा मिळेल आणि माझा मी बसून पिईन.

मी हिंडलग्याला राहते. हिंडलगा म्हटलं की समोरचा आधी विचारतो, "आत की बाहेर?" कारण तिथलं जेल आम्हा सगळ्यांपेक्षा प्रसिद्ध आहे. मी बाहेर राहते, पण माझे पाय कायम आत डांबलेल्या माणसासारखे येरझाऱ्या घालत असतात. बेळगावातल्या एका दवाखान्यात कॅज्युअल्टीत मी बरीच वर्षं काढली. कॅज्युअल्टीत डॉक्टरला खुर्ची असते, ती पर्स ठेवायला. माणूस येतो, रक्त थांबवायचं, श्वास सांभाळायचा, वरच्या मजल्यावर पाठवायचं, की पुढचा. त्याचं पुढं काय झालं ते वरच्या मजल्याला ठाऊक. मला हळूहळू वाटायला लागलं, की मी जन्मभर सगळे सिनेमे मध्यांतरापर्यंतच बघते आहे.

त्यातच मुलं शिकायला बाहेरगावी गेली आणि घरातल्या घरात माझ्या फेऱ्या वाढल्या. त्या तिरमिरीत सेहेचाळिसाव्या वर्षी मी फॅमिली डॉक्टर व्हायच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. मिस्टर म्हणाले, "अगं, या वयात लोक ध्यानधारणेला जातात." म्हटलं, "तिथं बसवतात."

अभ्यासक्रमात काही महिने एखाद्या जुन्या फॅमिली डॉक्टरच्या हाताखाली खेड्यात काढायचे होते. मला मिळालं ते गाव निपाणीच्या बाजूला, वेदगंगेच्या वळणात. तीन बाजूंनी नदी आणि चौथ्या बाजूला ओढा. ओढ्यावर एक बुटका पूल. पाऊस लागला की तो पूल पाण्याखाली जातो आणि गावाचं बेट होतं. दूध बाहेर जात नाही, मास्तर आत येत नाहीत, आणि डॉक्टर जो आत असेल तोच. नसेल तर नाही.

तिथले डॉक्टर म्हणजे आप्पा. निपाणीकडच्या जैन घराण्यातले, मराठी आणि कानडी दोन्ही सारख्याच संथपणानं बोलणारे, सूर्य मावळायच्या आत जेवणारे. त्यांचा मुलगा बेंगळुरूला, आणि हा पावसाळा संपला की त्यांनी तिकडं कायमचं जायचं ठरलेलं. म्हणजे पुढच्या वर्षी बेट होईल तेव्हा बेटावर डॉक्टर कोण, हा गावापुढचा प्रश्न होता, आणि मी आल्या दिवसापासून गाव माझ्याकडं त्याच नजरेनं बघत होतं. बाजारात बैल बघतात ना, तसं. दातसुद्धा बघितले असते, लाजेनं थांबले.

"बाई, तुमी किती दीस हाईसा?" रोज कोणीतरी विचारायचं.

"बघू."

"बघू म्हंजी जानारच," म्हणून ते पुढं जायचे.

मला आतून राहावंसं वाटत होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण माझ्या पायांवर माझाच विश्वास नव्हता.

आप्पांची शिकवायची पद्धत म्हणजे छळ होता. सकाळी गावातून एक फेरी. पायी. एका घरात शिरले की आधी म्हशीची चौकशी, मग उसाची तोड कधी, तंबाखूला भाव काय, धाकटीचं जमलं का, आणि मी भिंतीला टेकून मनातल्या मनात त्या म्हातारीला तपासून, औषध लिहून, घरी पाठवून मोकळी झालेली असायचे. ती घरीच बसलेली असायची ही गोष्ट वेगळी.

"बस की पोरी," आप्पा म्हणायचे.

"नको, ठीक आहे."

"कुंद्रव्वा," तेच कानडीतून. भाषा बदलून फरक पडतो का ते बघत असावेत. पडत नव्हता.

बाहेर आल्यावर मी म्हणायचे, "आप्पा, त्यांची शुगर दोन मिनिटांत झाली असती."

"व्हय. आणि गुळाचं?"

"कसल्या गुळाचं?"

"निघताना सांगितलं तिनं. तू तवा दारात चप्पल घालत होतीस."

फेरीत काही घरांच्या कट्ट्यावर एक लाकडी पाट मांडलेला असायचा आणि शेजारी पाण्याचा तांब्या, वर फुलपात्र पालथं. आप्पा त्या पाटावर टेकायचे, पाणी प्यायचे, आणि मग "कोण हाय गं घरात?" म्हणत आत जायचे. आदरातिथ्य, मी मनाशी म्हटलं. भागातली माणसं अगत्यशील, वगैरे. मी उभीच.

श्रावणाच्या तोंडाला आप्पा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बेळगावला गेले. दोन दिवसांत येतो म्हणाले. दुसऱ्याच दिवशी नदीनं ओढा मागं लोटला आणि पूल दिसेनासा झाला. बेटावर डॉक्टर कोण, तर मी.

काय सांगू तुम्हाला, मला आनंद झाला. मी माझ्या वेगानं फेरी काढली. आप्पांना दुपार व्हायची तिथं माझी न्याहारीच्या आत अर्धी आळी झाली. ताप, खोकला, पायाची जखम, ताप. छत्री उलटी होत होती, चप्पल चिखलात राहत होती, नदीचा आवाज गावाच्या सगळ्या बाजूंनी येत होता आणि त्या आवाजानं मला आणखीनच चेव चढत होता. वरच्या आळीला एका घरापुढं पाट मांडलेला, तांब्या भरलेला. घरातली सून दारात उभी. मला तहान लागलीच होती. मी तांब्या उचलला, उभ्याउभ्या गटागटा पाणी प्याले, तांब्या जागेवर ठेवला आणि म्हटलं, "गोड आहे हं पाणी तुमचं."

सुनेनं पदर तोंडाला लावला. लाजली, मला वाटलं. मी पुढं गेले.

दुपारी दवाखान्यात शुकशुकाट. पावसात एवढी गर्दी असायची, आज एक माणूस नाही. मी दारात येते, आत जाते, गोळ्यांच्या बरण्या रंगांप्रमाणे लावते, पुन्हा दारात. तेवढ्यात तालुक्याहून पाठवलेली रबरी बोट काठाला लागली. तिच्यातून तीन बायका उतरल्या आणि चिखलात पाय पडताच तिघींनी एकदम गळा काढला. त्या रडत वरच्या आळीला गेल्या आणि बोट परत पलीकडं.

"कोण गेलं?" मी दवाखाना झाडणाऱ्या मावशींना विचारलं.

मावशींनी माझ्याकडं फार समजूतदारपणे बघितलं. "अजून न्हाय गेलं. जाईल. तुमचा काय दोष न्हाय, बाई. तुमी आपलं खरं ते सांगितलासा."

"मी काय सांगितलं? कुणाला?"

"सकाळी. पाण्याचं."

"पाणी गोड आहे म्हटलं मी."

"उभ्यानं प्यालासा न्हवं?"

मग एकेक शब्द ओढून काढला तेव्हा उलगडलं. घरात आजारी माणूस असेल आणि ते चारचौघांत बोलायचं नसेल, की या गावात कट्ट्यावर पाट आणि तांब्या ठेवतात. डॉक्टर पाटावर बसला तर औषध हाय. पाणी पिऊन उभ्या उभ्या गेला, तर मग लेकींना बोलवायचं.

"हे कुणी ठरवलं?"

"ठरवायचं काय त्यात? आप्पा एकडाव पाटलाच्या घरात असंच उभ्यानं पानी पिऊन गेलते. सांजच्याला म्हातारी गेली."

"अहो, पण मला विचारायचं तरी."

"मानसाच्या म्होरं कसं इचारायचं वो, हे मरणार काय म्हणून? बरं दिसतंय व्हय ते?"

मी पिशवी भरता भरता आप्पांना फोन लावला. डोळ्याला पट्टी बांधून बेळगावात पडलेल्या माणसाला मी धापा टाकत विचारलं, पाटाचं काय प्रकरण आहे.

"कसला पाट?" आप्पा म्हणाले. "ते व्हय? माझ्या गुडघ्यासाठी ठेवत्यात बिचारी. माणसं चांगली हायत गं तिथली."

"आणि पाटलांच्या घरी उभ्यानं पाणी का प्यालात?"

बराच वेळ विचार करून म्हणाले, "पाट ओला असंल."

इतकी वर्षं आप्पा गुडघे टेकवत होते आणि गाव त्यातून आयुष्याची दोरी मोजत होतं. दोन्ही बाजू समाधानी. मी छत्री तिथंच टाकून पळाले.

घरात पुढच्या सोप्यावर बायका दाटीवाटीनं बसलेल्या. मधल्या खोलीत अंथरुणावर म्हातारा, उशाशी तुळशीचं पान घातलेलं पाणी. तिन्ही लेकी पायाशी. मला बघून रडणं थोडं चढलं, कारण आता प्रत्यक्ष डॉक्टरच आलेली. म्हातारा मात्र शुद्धीत होता. चांगलाच होता. डोळे गरगर फिरवत, दात आवळून, घामानं भिजून पडलेला. पांघरूण काढलं तर ओटीपोट टरबुजासारखं वर आलेलं.

"अण्णा, लघवीला कधी झालं?"

त्यानं तोंड भिंतीकडं केलं. सून दारातून हळूच म्हणाली, "काल दुपारपासनं न्हाय. तुमास्नी सांगू नका म्हणालं. बाईमाणसाला कसलं सांगायचं म्हणालं. म्हणून पाट ठेवला मी, त्यास्नी न सांगता."

म्हणजे हा माणूस मरत नव्हता. लघवी तुंबली होती. म्हातारपणी पुरुषांना होतं तसं. नळी घातली तर घटकाभरात मोकळा, आणि नाही घातली तर मात्र खरंच लेकी वेळेवर आल्या असं म्हणायची पाळी. बोट उद्यापर्यंत येणार नव्हती. माझ्या पिशवीत नळी होती. कॅज्युअल्टीत अशा नळ्या मी चहा गार व्हायच्या आत घातल्या आहेत.

सगळ्या बायकांना सोप्यावर काढलं. मधलं दार लोटलं तरी फट राहिलीच आणि फटीत डोळे.

"आप्पा आल्यावर बघू," म्हातारा म्हणाला.

"पूल पाण्याखाली आहे."

"पानी उतरल्यावर येतील."

"पुलावरचं सावकाश उतरू दे. तुमचं आधी उतरवू."

"तुमी घाईच्या हाईसा. गाव म्हणतंय. ही बाई वाऱ्यासारखी येती आणि जाती." दुखण्यातसुद्धा त्यानं मला पुरतं वाचून दाखवलं. "करायचंच असंल तर डोळं मिटून करा."

"डोळे मिटले तर नळी भलतीकडं जाईल, अण्णा."

हातमोजे चढवून मी प्रयत्न केला आणि नळी अडली. भीतीनं आणि लाजेनं त्याचं अंग लाकडासारखं झालं होतं. माझं कपाळ तापलं. दुसऱ्या, बारीक नळीवर माझा हात गेला, मनात पलीकडच्या काठाला बोटीसाठी फोन चालू झाला, पाय आपोआप दाराकडं वळले. जोर केला असता तर आत इजा झाली असती, आणि जोर करायला माझे हात शिवशिवत होते.

त्याच वेळी सून आत आली. तिनं कट्ट्यावरचा तो पाट पदरानं कोरडा पुसून आणला होता. अंथरुणाशी ठेवला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. भिंतीला जाऊन उभी राहिली.

मी पाटाकडं बघितलं. लई बुटका होता. मग बसले.

सोप्यावरचं रडणं मध्येच अडखळलं. कुणीतरी कुणाला तरी गप म्हणालं.

बसल्यावर काय करायचं ते मला येत नव्हतं, म्हणून आप्पांचं चोरलं. विचारलं, "म्हैस किती देते?"

"दुसऱ्या वेताची हाय," म्हातारा भिंतीलाच म्हणाला. "देती बरं."

"कुणाकडून घेतली?"

मग त्यानं म्हैस कुणाकडून घेतली ते सांगितलं, विकणारा कसा लबाड आणि दलाल त्याहून कसा लबाड, मध्ये मेहुण्यानं कसा घात केला, आणि शिंगावरून म्हशीचं खरं वय एकट्या त्यालाच कसं ओळखता आलं. माझा उजवा पाय हलायला लागला, मी त्यावर डावा ठेवला. बाहेर नदी. कौलांवर पाऊस. मेहुण्याचं लांबलं. मी मान हलवत राहिले, आणि कधीतरी माझ्या लक्षात आलं की मला खरोखरच ऐकायचं होतं, त्या मेहुण्याचं पुढं काय झालं ते. आणि त्याच सुमारास त्याच्या मांड्या सैल पडल्या.

"मग मेहुणा काय म्हणाला?" मी विचारलं आणि बारीक नळी हळूच सरकवली.

"काय म्हणनार, गप बस..." म्हातारा थांबला.

नळीतून धार सुरू झाली. बादलीत तिचा आवाज एवढा मोठा आला की सोप्यावर सगळ्या गप्प झाल्या. म्हाताऱ्यानं डोळे मिटले. चेहऱ्यावरची एकेक घडी उलगडत गेली. मी उठले नाही. उठायचं काही कारण नव्हतं, आणि नाडी बघायची होती, आणि खरं सांगायचं तर पाय उठायला तयार नव्हते. दार उघडून लेकी आत आल्या, बापाच्या पायाशी बसल्या, आणि सवयीनं, किंवा आनंदानं, तिघींनी पुन्हा सूर लावला.

म्हाताऱ्यानं एक डोळा उघडला. आधी पाटाकडं बघितलं, मग लेकींकडं.

"रडताय कशाला गं? डॉक्टरीण बसलीया न्हवं. उठा, म्हशीला वैरण टाका."