वीसवरच ठिवा

अफजलपुरातल्या त्या चष्मेवाल्याचं नाव मला अजून माहीत नाही. सगळे त्याला अण्णा म्हणतात आणि तोही सगळ्यांना अण्णाच म्हणतो. बोलता बोलता तो गिऱ्हाइकाच्याच नाकावरचा चष्मा काढून पुसायला लागतो.

भीमेकाठचे पक्षी बघायला मला तिपाईवरची, एका डोळ्याची दुर्बीण हवी होती. मी महागडी उचलली, तशी त्यानं ती काढून घेतली.

"इतकी महाग कामून? ही स्वस्तातली न्या. साठ पटीपर्यंत जाती, पर तुम्ही वीसवरच ठिवा. साठवर पक्षी न्हाई, नुसती तापलेली हवा दिसती."

मग त्यानं दुकानाच्या पायरीवरून, दुर्बिणीतून, लांबच्या सोलापूर गाडीची पाटी माझ्याकडून वाचून घेतली, तेव्हाच किंमत सांगितली आणि पावतीवर माझा फोन नंबर लिहून घेतला.

रविवारी नदीवर गेलो. इथं कोण बघतंय, म्हणून दुर्बीण थेट साठवर नेली. बगळा उकळत्या पाण्यात उभा असल्यासारखा थरथरू लागला. मी डोळे चोळले. तेवढ्यात फोन वाजला.

"डोळे कामून चोळायलाव अण्णा? वीसवर आणा की!"

मुकाट्यानं आणली. बगळा स्वच्छ दिसला. त्याच्या मागं, पल्याडच्या काठावर, माझ्यावर दुर्बीण रोखून बसलेला चष्मेवालाही स्वच्छ दिसला.