शत्रुघ्न सोळुंके गाडी तपासतो

कुठलीही नवी वस्तू शत्रुघ्न सोळुंकेच्या घरात परीक्षा दिल्याशिवाय आजवर शिरलेली नाही. मिक्सर घ्यायला गेला तेव्हा त्यानं घरून भिजवलेली हरभऱ्याची डाळ डब्यात नेली होती आणि कुवेतमधल्या फरवानियाच्या दुकानात, सेल्समनच्या टेबलावर, ती वाटून बघितली होती. रिग्गईतला फ्लॅट भाड्यानं घेताना त्यानं घरातले सगळे नळ एकदम सोडले, वर फ्लश ओढला आणि घड्याळ लावून उभा राहिला. बिल्डिंगचा हारिस, म्हणजे राखणदार, बिचारा दारात किल्ल्या घेऊन ताटकळला. त्याला वाटलं, हा माणूस घर बघायला आलाय की बुडवायला.

दोष शत्रुघ्नचा नाही, धंद्याचा आहे. माजलगावात दहावी, औरंगाबादला डिप्लोमा आणि आता अकरा वर्षं कुवेतच्या एका हॉस्पिटलात यंत्रं सांभाळायची नोकरी. नवा मॉनिटर असो, सलाइनचा पंप असो, नाहीतर व्हेंटिलेटर, रकाने आखलेल्या कागदावर तो पास झाल्याशिवाय पेशंटजवळ जात नाही. ही सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की परळीला मुलगी बघायला गेला तेव्हाही त्यानं पहिला प्रश्न विचारला होता, "तुमच्या दवाखान्यात बीपीचं मशीन पाऱ्याचं आहे का डिजिटल?" नर्स असलेल्या श्यामलानं पोह्यांची बशी पुढं सरकवत उत्तर दिलं होतं, "दोन्ही आहेत. तुमचं किती भरतंय ते बघून कोणतं वापरायचं ते ठरवू." लग्न तिथंच जमलं.

तर असा हा माणूस गाडी घ्यायला निघाला. आणि त्यात मौज अशी की गाडी चालवणार होती श्यामला. शत्रुघ्नकडं लायसन नव्हतं. तीन वेळा परीक्षा दिली, तिन्ही वेळा नापास. तिसऱ्या खेपेला तर चौकात येणाऱ्या प्रत्येक गाडीला तो "आधी तू जा" म्हणून हात करत राहिला. शेजारी बसलेल्या परीक्षकानं पाच मिनिटं वाट बघितली, मग स्वतःच दार उघडून उतरला. श्यामला पहिल्या फटक्यात पास झाली. त्या दिवशी त्यानं पेढे वाटले खरे, पण दोन दिवस तिच्या लायसनवरचा फोटो कसा वाईट आलाय हेच सांगत फिरला.

गाडीची गरज आली ती श्यामलाच्या नोकरीमुळं. ती ज्या खाजगी दवाखान्यात होती त्यांनी मीना अल-अहमदीच्या बाजूला नवी शाखा काढली होती. तिथं सकाळी सात ते तीन अशी कायमची दिवसपाळी होती. आठ वर्षं तीन पाळ्यांत फिरलेल्या बाईला दिवसपाळी म्हणजे काय, हे ज्यानं दिवसा दहा वाजता पडदे ओढून झोपायचा प्रयत्न केलाय त्यालाच कळेल. दहा वर्षांची सुखदा शाळेतून येते तेव्हा आई एकतर झोपलेली, नाहीतर निघालेली. अडचण एकच. दवाखान्याची बस तिकडं जात नव्हती. जायचं तर स्वतःच्या गाडीनं, एका बाजूला चाळीस किलोमीटर, आणि ते हायवेनं. होय-नाही ते गुरुवारी दुपारपर्यंत कळवायचं होतं. तिनं नाही म्हटलं की जागा दुसरीला.

गाडी मिळाली ती बदरुद्दीनची. हा हर्णैचा माणूस, फरवानियात त्याचं छोटं किराणा दुकान. पोरी मोठ्या झाल्या म्हणून त्यानं सात माणसांची गाडी घेतली आणि जुनी पांढरी हॅचबॅक काढायला ठेवली. बाराशे सीसीची, तीन सिलिंडरची, मागून बघितली तर कुणीतरी मधेच कापून ठेवल्यासारखी. किंमत दोन वाक्यांत ठरली. पण शत्रुघ्न म्हणाला, "आठवडाभर वापरून बघतो."

"आठवडा?" बदरुद्दीन हसला. "अरे सोळुंके, गाडी घेतोस काय जावई करतोस?"

"जावई परत करता येत नाही. म्हणून आधी बघायचं."

"बघ बाबा. वहिनी, ह्याला रोज जेवण देतेस की तेपण तपासून घेतो?"

"आधी मीठ बघतो, मग बसतो," श्यामला म्हणाली आणि किल्ली तिनं घेतली.

शुक्रवारी सकाळी तिघं वफ्र्याला गेली. शेतातली ताजी भाजी आणायला म्हणून, पण खरं कारण डिकी. काकडीचे तीन खोके, वांग्याचा एक, टोमॅटोचे दोन आणि पाण्याच्या बाटल्या. पाच खोके आत गेले, सहावा मागच्या सीटवर सुखदाच्या शेजारी बसला. शत्रुघ्ननं कागदावर लिहिलं: "डिकी – आठवड्याच्या भाजीला पुरेशी, लग्नाच्या भाजीला नाही."

"सुखदा, मागं कसं वाटतंय? गुडघे टेकतात का?"

"पप्पा, इट्स क्यूट. जस्ट बाय इट," सुखदा म्हणाली. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा तिचा नियम.

"क्यूटचा रकाना नाही," शत्रुघ्न म्हणाला.

शनिवारी एसीची पाळी. मे महिना संपत आला होता, दुपारचा पारा चव्वेचाळीसवर. त्यानं गाडी तासभर उन्हात उभी करवली, काचा बंद, आणि आत हॉस्पिटलातलं थर्मामीटर टांगलं. एक वाजता दार उघडलं तेव्हा आतून तंदूरसारखी वाफ आली आणि बेल्टची लोखंडी जीभ हाताला चटका देऊन गेली. एसी चालू केला. चोवीस अंशावर यायला अकरा मिनिटं लागली, आणि सिग्नलला गाडी उभी राहिली की हवा पुन्हा कोमट. त्यात आणखी एक भानगड. थंड हवेबरोबर वास यायचा. कुबट, खारट, नाकात बसणारा.

"हे काय आहे?" माजलगावच्या माणसानं विचारलं.

"सुकट," श्यामलानं सांगितलं. तिच्या वॉर्डात एक रत्नागिरीची नर्स होती, त्यामुळं तिला ओळख पटली. "सुकवलेली कोळंबी असते ती."

शत्रुघ्ननं बदरुद्दीनला फोन लावला. "तुमच्या गाडीत मासे राहतात का?"

"चार वर्षं दुकानाचा माल त्यातूनच आणला रे," तिकडून आरामात उत्तर आलं. "सुकट, बोंबील, कोकम. वासाचे वेगळे पैसे नाय घेत मी, घाबरू नको."

"आणि एसी?"

"एसीला काय झालं? थंड लागत नसंल तर वहिनीला सांग, वेगात चालव."

पण इथं शत्रुघ्न खरा खुलला. बिघडलेलं काही दिसलं की त्याचा चेहरा उजळतो. संध्याकाळी त्यानं डॅशबोर्डचा खण काढला, मागचं झाकण उघडलं आणि हवेचा फिल्टर बाहेर ओढला. फिल्टर कसला, राखाडी गोधडीच ती. चार वर्षांची वाळवंटातली धूळ आणि हर्णैचा समुद्र एकत्र नांदत होते. पुढं रेडिएटरच्या जाळीतही तसाच थर. नवा फिल्टर आणला, जाळी पाण्यानं धुतली. रविवारी परत उन्हात उभी करून मोजलं. सात मिनिटं. सिग्नलला हवा थंड. वासही बराचसा गेला. उरलेल्याला श्यामला म्हणाली, "कोकणात राहायला आल्यागत वाटतंय. राहू द्या."

आता गाडी पास व्हायला हरकत नव्हती. पेट्रोल तर ती चिमणीसारखं पीत होती. रिग्गईत बिल्डिंगखाली जिथं मोठ्या गाड्या दोन-दोन फेऱ्या मारून निघून जायच्या, तिथं ही कोपऱ्यात अलगद शिरायची. पण शत्रुघ्न प्रत्येक वेळी नवा रकाना काढी. सोमवारी खिडकीच्या काचेचा आवाज. मंगळवारी वायपर, ज्या देशात वर्षात चार वेळा पाऊस पडतो तिथं. बुधवारी हॉर्नचा पल्ला.

बुधवारी संध्याकाळी श्यामला ड्यूटीवरून आली, चहा ठेवला आणि टेबलावरचा कागद उचलला.

"किती रकाने झाले?"

"सव्वीस."

"व्हेंटिलेटरला किती असतात?"

"एकोणीस."

"मंग ही गाडी काय कुणाच्या नाकात नळी घालणार आहे का? उद्या गुरुवार आहे. मला उत्तर द्यायचंय. अन् तुम्ही हॉर्न मोजायलाव."

"घाईत घेतलेली वस्तू—"

"अहो, वस्तूचं सोडा. ही पास होऊ नये असं तुमच्या मनात आहे. का, ते सांगा."

चहा उतू जायच्या बेतात आला, तिनं गॅस बारीक केला आणि त्याच्याकडं तोंड करून उभी राहिली. शत्रुघ्न कागदाचा कोपरा दुमडत, उलगडत बसला. मग म्हणाला, "आयसीयूत हायवेवरून कुणी आलं की मॉनिटर जोडायला मलाच बोलावतात. मी चेहरा बघत नाही, वायरी बघतो. पण नातेवाईक बाहेर गाडीबद्दलच बोलत असतात. मोठी होती म्हणून वाचला, लहान होती म्हणून गेला. ही लहान आहे गं."

श्यामला खुर्ची ओढून समोर बसली. "माझी उंची किती?"

"पाच फूट."

"चार अकरा. तुम्ही लग्नात एक इंच वाढवून सांगितला होता, अजून तोच धरून बसलात. माझ्या तायडीच्या, नवऱ्याच्या त्या मोठ्या गाडीत मी चालवायला बसले होते. खाली दोन उशा घातल्या तरी बोनेटचं टोक दिसंना. पुढचा माणूस कुठं संपतो अन् आपली गाडी कुठं सुरू होते, काही पत्ता नाही. हिच्यात मला चारी कोपरे दिसतात. भीती वाटायची ती तिच्यात वाटली, हिच्यात नाही." तिनं उठून चहा गाळला. "तुम्ही काच मोजली, वायपर मोजला. मी चालवताना कशी आहे ते एकदा तरी बघितलं का? सगळा वेळ तर थर्मामीटरकडं बघत होता."

शत्रुघ्ननं चहाचा घोट घेतला. मग म्हणाला, "साखर कमी आहे." साखर बरोबर होती.

ठरलं असं की गुरुवारी सकाळी सहाला दोघांनी निघायचं, अगदी कामावर जायच्या वेळेला, नव्या दवाखान्यापर्यंत. त्यानं हॉस्पिटलातून अर्धा दिवस सुट्टी घेतली. सुखदाला शेजारणीकडं सोडलं. श्यामलानं अट घातली, "तुम्ही बोलायचं नाही. 'ब्रेक' म्हणायचं नाही. पाय दाबायचा नाही, तिकडं पेडल नाही."

चौथ्या रिंग रोडला गर्दी होती. पुढं अहमदीकडच्या हायवेवर जायचा चढ आला तेव्हा इंजिन जोरात कुरकुरलं आणि शत्रुघ्ननं लिहिलं: "चढाला आवाज. वेग मात्र येतो, जरा उशिरा." हायवेवर श्यामला मधल्या लेनमध्ये आली आणि नव्वदवर स्थिर झाली. मागून एक काळी, ट्रकएवढी गाडी नाकाशी येऊन दिवे मारायला लागली. शत्रुघ्नचा उजवा पाय चटईत रुतला. श्यामलानं आरशात बघितलं, सिग्नल दिला, उजवीकडं जागा बघून सरकली, त्याला जाऊ दिलं आणि परत मधे आली. चेहऱ्यावर काहीच नाही, जणू वॉर्डात स्ट्रेचरला वाट दिली.

"घाई होती त्याला," ती म्हणाली.

"तू पण दाखवायचं होतंस जरा."

"कुणाला? मला सातला पोचायचंय, त्याला काय जिंकायचंय ते जिंकू दे. अन् तुम्ही बोलायचं नव्हतं."

त्यानं लिहिलं: "९०. मधली लेन. दिवे मारले तरी—" पुढं काय लिहावं ते सुचेना. रस्त्याच्या कडेला सारखीच वाळू, सारखेच खांब जात होते. उन्हानं अजून जोर धरला नव्हता. एसीची हवा बेताची लागत होती. श्यामला बारीक आवाजात काहीतरी गुणगुणत होती, तिला ते कळतही नसावं. खांब जात राहिले.

शत्रुघ्नला जाग आली तेव्हा गाडी उभी होती. एसी चालू होता, शेजारची सीट रिकामी. दोन्ही बाजूंना दोन अजस्र गाड्या आणि मधे ही, दोन म्हशींच्या मधे करडू बांधल्यासारखी. लांबवर रिफायनरीच्या चिमण्या दिसत होत्या. तो दचकून सरळ बसला. अकरा वर्षं कुवेतच्या बसनं फिरला, पण हा माणूस कधी डुलकीसुद्धा घेत नसे. ड्रायव्हरच्या मानेकडं बघत बसायचा, तो झोपला तर काय म्हणून. मांडीवर कागद तसाच होता. 'दिवे मारले तरी'च्या पुढून पेनाची एक रेघ निघाली होती, ती वाकडीतिकडी होत खालच्या कोपऱ्यातून कागदाबाहेर, थेट त्याच्या पँटीवर उतरली होती.

श्यामला दवाखान्याच्या दारातून येताना दिसली. ओढणी सावरत, चटचट पावलं टाकत.

"उठलात? रविवारपासून रुजू व्हायला सांगितलंय."

"सांगून पण आलीस? मी अजून पास केली नाही."

"अर्धा तास घोरायलता तुम्ही," ती सीटवर बसत म्हणाली. "तोंड उघडं. एका वळणावर तर माझ्या खांद्यावर डोकं. मी ओळखलं काय ते."

शत्रुघ्ननं कागद हातात घेतला, ती रेघ बघितली, पँटीवरची शाई बोटानं पुसायला गेला तर ती आणखी पसरली. "दमलो होतो जरा," तो म्हणाला. "आठवडाभर काम पडलं."

"हो ना. हॉर्न मोजायचं काम काय कमी असतं."

तो हसला. कागदाची घडी करून त्यानं ती मागच्या सीटवर टाकली, फोन काढला आणि बदरुद्दीनला दोन शब्दांचा निरोप लिहिला: "गाडी घेतली."

"रोज ह्याच रस्त्यानं यायचं. तुला कंटाळा नाही यायचा?"

"आला तर गाणी लावीन," श्यामला म्हणाली. "बेल्ट लावा."

त्यानं बेल्ट लावला आणि सीटची पाठ एक खाच मागं केली.