दस्त्यावरची पट्टी

वडील गेले त्याच्या आधीच त्यांनी बंदुकीचा परवाना माझ्या नावावर करून घेतला होता. दादा मुंबईला नोकरीत, घरी आई आणि मी. माझं लग्न झालं नव्हतं आणि आता होणारही नव्हतं. भात राखायचं तर बंदूक माझ्याच हातात येणार, हे वडिलांना दिसत होतं. शेतीरक्षणाचा परवाना, जुनी दुनळी बारा बोर. वाडीतल्या पुरुषांना ते पहिल्यापासून खुपलं.

पहिल्याच वर्षी रानडुकरं खालच्या मळ्यात उतरली. सकाळी फटफटताना मी बांधावरून बार टाकला. डुक्कर तीसेक पावलांवर, आडवं उभं. छर्रे त्याच्या पाठीवरून गेले आणि पलीकडच्या ऐनाची पानं गळाली. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला शेजारचे काका दगडी गडग्याआडून बघत होते. संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीत झालं, "बाई डोळे मिटून बार काढते."

मी डोळे मिटत नव्हते. उलट इतके ताणत होते की पाणी यायचं.

गणपतीला दादा आला. मी त्याला सांगितलं, बंदूक वर मारते. त्याने ती उचलली, परसात जाऊन कुंपणावर ठेवलेली करवंटी एका बारात उडवली आणि बंदूक माझ्या हातात कोंबली. "बंदुकीत काही खोट नाही. तुझ्यात आहे. घाबरतेस तू." आईच्या, शेजाऱ्यांच्या, गणपतीच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्यांच्या देखत. सगळे हसले. मी चहाचे कप उचलून आत गेले. त्यातला एक आपटून फोडावासा वाटत होता.

दादा परत गेल्यावर मी वर्तमानपत्राचं पान चिऱ्याच्या गडग्यावर लावलं, मधोमध कोळशाने गोल काढला आणि दगडावर बसून, हात गुडघ्यावर टेकवून, अगदी शांतपणे बार काढला. गोलात दोनच छर्रे. बाकी सगळे वीतभर वर. बाजूला नाही, खाली नाही, फक्त वर. भीतीने हात हलला असता तर छर्रे कुठेही गेले असते. ते पान हातात घेऊन मी किती वेळ तशीच संतापत उभी राहिले.

मग घरात आले, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ना हे दोनदा बघितलं आणि आरशासमोर बंदूक खांद्याला लावली. गाल मागच्या लाकडी दस्त्यावर टेकवला. माझा डोळा नळीच्या बराच वर राहत होता. टोकावरची नेम धरायची माशी दिसत होती, पण तिच्यामागे नळीची सगळी पाठ रस्त्यासारखी पसरलेली. म्हणजे मी नेम धरला की नळीचं तोंड आपोआप वर उचललेलं असायचं.

दस्त्यावर, जिथे गाल टेकतो तिथे, वडिलांनी फणसाच्या लाकडाची पट्टी सरसाने चिकटवून घेतली होती. त्यांचे गाल बसलेले. पट्टीशिवाय त्यांचा डोळा नळीच्या खाली जायचा. दादाचा चेहरा हुबेहूब त्यांचा.

आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "तुझे हे भरले गाल माझे गो. बापाच्या मापाचा अंगरखा तुला कसा बसेल?"

मी दादाला फोन केला. पोस्टात ताटकळून. पट्टी थोडी उतरवते म्हटलं तर तो ओरडलाच, "बाबांच्या बंदुकीला हात लावायचा नाही! स्वतःला जमत नाही म्हणून लाकूड कापायला निघालीस?"

त्याच आठवड्यात डुकरांनी मळ्याचा अर्धा तुकडा लोळवला. लोंब्या चिखलात तुडवलेल्या. मी तिथूनच घरी आले, कानस घेतली आणि ओटीवर बसले. पट्टी थोडी घासायची, आरशात बघायचं, पुन्हा घासायची. नळीची पाठ दिसेनाशी होत आली, तेव्हा नवीन पान लावून बार काढला. अजून थोडं वर. पुन्हा घासली. पुढच्या पानावर छर्रे गोलाभोवती सारखे पसरले. मग पॉलिशपेपर फिरवला, जवसाचं तेल चोळलं. राग मात्र घासून गेला नाही.

चार दिवसांनी पहाटे एक डुक्कर बांधावर आडवं झालं. काका बघायला आले, आणि "लागला एकदाचा" एवढंच म्हणाले.

शिमग्याला दादा आला. दस्ता बघून त्याचा चेहराच बदलला. परसात गेला, करवंटी ठेवली, बार काढला. छर्रे खालच्या मातीत. दुसराही मातीतच.

"वाट लावलीस बंदुकीची," तो म्हणाला. "परवाना माझ्या नावावर करून घेतो मी."

"घे ना," मी म्हटलं. "आणि भात पिकेपर्यंत इथे राहा. रोज पहाटे मळ्यात जा. मी मुंबईला जाऊन तुझी खोली सांभाळते."

"बाबा असते तर—"

"बाबांनी स्वतःच्या गालासाठी पट्टी लावली. मी माझ्या गालासाठी घासली. तुझा गाल इथे वर्षातून दोनदा येतो."

तो न जेवता चालता झाला. आईने हाक मारली, मी मारली नाही. परवाना माझ्याच नावावर राहिला.

आता तो म्हातारा झालाय. पाहुणे बसले की बंदुकीचा विषय काढतो आणि सांगतो, "हिचे बार वर जायचे. मीच दस्ता हिच्या मापाचा करून घ्यायला लावला." पाहुणे कौतुकाने माना हलवतात. मी समोरच बसलेली असते. गेल्या खेपेला मी सगळ्यांसमोर म्हटलं, "खोटं बोलतोयस दादा." तो हसला आणि म्हणाला, "हिला अजून राग येतो बघा."


हो, येतो.