तक्रारकाकांचा दिवा

साकेत नगरातल्या आमच्या गल्लीत नळाला गढूळ पाणी आलं, गटार तुंबलं, की लोक स्वतः काही करत नसत. ते तक्रारकाकांचं दार वाजवत. कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले काका त्याच दिवशी अर्ज लिहीत आणि स्वतः नेऊन देत. "लिहून दिल्याशिवाय काही होत नाही," असं ते म्हणत. त्यांच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहत होतो. गिझर बिघडला तेव्हा मलाही त्यांनी लेखी द्यायला लावलं होतं.

अंगणातला पिवळ्या शेवंतीचा वाफा मात्र काकूंच्या ताब्यात होता. एकेरी पाकळीची ती शेवंती त्यांनी सांगलीहून, माहेरून आणलेली. बहर सरला की जुनी झाडं छाटायची, मुळाशी आलेले फुटवे वेगळे करून लावायचे, पावसाळ्यात शेंडे खुडायचे. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेला घरची फुलं असत. उरलेली गल्लीत वाटली जात.

त्या उन्हाळ्यात काकूंची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. त्यांचा पलंग पुढच्या खोलीत, खिडकीशी आणला. त्या तिथून सांगत आणि काका फुटवे लावत.

"अहो, किती खोल पुरताय? खांब नाही रोवायचा."

"मग ये बाहेर आणि लाव."

काकूंना रात्री झोप लागत नसे. निदान वाफा तरी दिसावा म्हणून काकांनी खिडकीसमोरच्या खांबावर दिव्यासाठी अर्ज केला. बरेच खेटे घातले. श्रावणात दिवा लागला. वाफ्यावर पांढरा लख्ख उजेड पडला. येणाऱ्या प्रत्येकाला काका तो दाखवत.

शेवंती उंच वाढली. दसरा गेला, दिवाळी गेली, कळी आली नाही. मागच्या गल्लीत, काकूंनीच दिलेल्या फुटव्यांवर, कळ्या धरल्या होत्या. काकांनी नर्सरीवाल्याकडे तक्रार केली, की खत भेसळीचं आहे. त्याने टॉनिकची बाटली विकली.

डायलिसिसच्या एका फेरीला मी बरोबर होतो. काका टॉनिकबद्दल बोलत होते. काकूंनी डोळे उघडले.

"अहो, शेवंतीला रात्र लागते. दिव्याखाली ती फुलत नाही."

"मग आधी का नाही बोललीस?"

"एवढ्या हौसेनं लावलात. काय बोलायचं?"

दिवा काढा असा अर्ज काकांनी केला नाही. शेजारच्या शर्माजींची मुलगी कोचिंगहून त्याच उजेडात घरी येत असे. काकांनी फ्रिजची जुनी खोकी आणि काळं प्लास्टिक आणलं. रोज संध्याकाळी वाफा झाकायचा आणि सकाळी उघडायचा. काकू पलंगावरून विचारत, "आली का?" काका वाकून पाहत आणि म्हणत, "येईल."

कळ्या आल्या तेव्हा त्या हिरव्या होत्या, मोहरीएवढ्या. काकांनी एक शेंडा खुडून काकूंच्या हातात दिला. त्यांनी तो बोटांनी चाचपला. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

तेराव्याला फुलं उमलू लागली होती. नातेवाईक म्हणाले, काकूंचा आशीर्वाद आहे. काका म्हणाले, "आशीर्वाद कसला. माझ्यामुळे उशीर झाला."

पुढच्या पावसाळ्यात तो दिवा बंद पडला. शर्माजी आले. "भाईसाहब, एक शिकायत डाल दीजिए। बच्ची को अंधेरे में आना पड़ता है।"

"इस बार आप डालिए," काका म्हणाले.

शर्माजी परत गेले. मुलीला आणायला ते कोपऱ्यापर्यंत टॉर्च घेऊन जाऊ लागले. अर्ज कोणी केला नाही. आमच्या गल्लीत ते काम काकांचं होतं.

दिवा अजून बंद आहे. मी ते घर सोडलं, तरी अधूनमधून जातो. काका फुटवे लावतात, शेंडे खुडतात. गुरुवारी गल्लीतल्या बायका फुलं मागून नेतात. मार्गशीर्षात वाफा पिवळा होतो. पलंग खिडकीशीच आहे, आता त्यावर काका झोपतात. अंधार पडल्यावर तिथून काही दिसत नाही.