गादीच्या खोलीतली पिल्लं

इम्रानचा फोन आला तेव्हा मी नसीमआपाच्या अंगणात कोंबड्यांना कण्या टाकत होते. आपा म्हणजे अकोल्यातली आमची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. ती अमरावतीला बहिणीकडे गेली होती आणि जाताना घराची किल्ली आणि कोंबड्या माझ्या गळ्यात टाकून गेली होती. आदल्याच संध्याकाळी फोनवर तिनं पाणी बदललं का, दार नीट लावलं का, अशी माझी पूर्ण तपासणी घेतली होती. मी वैतागून म्हटलं, तुझ्या कोंबड्या माझ्यापेक्षा सुखात आहेत. ती हसली होती... आणि सकाळी तिचा मुलगा पुण्याहून सांगत होता, "काकू, अम्मी गेली. झोपेतच." मूठभर कण्या हातात तशाच राहिल्या. कोंबड्या पायाशी येऊन थांबल्या होत्या, म्हणून मी त्या टाकल्या. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

आपाचे मिस्टर गाद्या भरायचे. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं काम चाले. दुपारी खिडकीतून ऊन आत आलं की पिंजलेल्या कापसाचे तंतू त्यात तरंगत राहायचे, आणि चहा घेऊन आलेली आपा त्या पांढऱ्या धुक्यात अर्धीच दिसायची. बऱ्याच वर्षांपूर्वी ते वारले आणि खोली बंद झाली. इम्रान म्हणू लागला, एकटी कशाला राहतेस, पुण्याला चल, घर काढून टाकू. त्याचं चूक नव्हतं, आईची काळजी होती. पण आपाला जायचं नव्हतं आणि पोराला तोंडावर नाही म्हणणं तिला जमत नव्हतं. एकदा कपडे वाळत घालताना मला म्हणाली, "मी गेली तं या घरात दिवा कोन लावंन, सुनंदा? मले इथंच राह्याचं हाय." पावसाळ्यात न्यायला येतो, असं त्यानं सांगून ठेवलं होतं.

त्या पावसाळ्याआधीच्या मे महिन्यात ती अमरावतीहून एसटीनं परतली, ती मांडीवर भोकं पाडलेला खोका घेऊन. आत कोंबडीची पिल्लं, पिवळी, तपकिरी, मुठीत मावतील एवढी. मुलाला द्यायला कारण हवं होतं, ते तिनं खोक्यात भरून आणलं होतं. आता आपाची कोंबडीशी ओळख होती ती हंडीतली. माझ्या घरात तर अंडंही चालत नव्हतं. आम्हा दोघींचं मिळून ज्ञान शून्य होतं, उत्साह मात्र भरपूर. अकोल्यात मे महिन्यात दारी आलेल्याला आधी कूलरसमोर बसवतात, मग नाव-गाव विचारतात. आपानं तेच केलं. गादीची खोली उघडली, नवऱ्यानं जपून ठेवलेला सगळ्यात मऊ कापूस काढून जमिनीवर अंथरला, त्यावर पिल्लं सोडली आणि कूलर पुढ्यात आणून लावला. जावयाचाही असा थाट कोणी केला नसेल. पिल्लं जोरजोरात चिवचिवत होती. आम्ही खूश. आपल्याकडे आल्याचा आनंद झालाय त्यांना, असं आमचं ठाम मत होतं.

चहा घेऊन परत गेलो तर आवाज मंदावला होता. पिल्लं कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून बसली होती, काहींच्या पायांना कापसाचे धागे करकचून गुंडाळले होते, आणि खालची दोन-तीन हलत नव्हती. आपानं त्यातलं एक उचलून ओंजळीत धरलं, त्यावर तोंडाची वाफ सोडली. बराच वेळ ती तशीच बसली होती. मग त्याची मान किंचित हलली.

"याले तं थंडी वाजून राहिली," ती हळू आवाजात म्हणाली. "आपुन लाड करू करू मारून राहिलो याईले."

कूलर बंद केला. कापूस गोळा केला, सुताराकडून भुसा आणून पसरला. दिव्याचा बल्ब खाली ओढून टांगला. मग आपा शिवणाची बारीक कात्री घेऊन एकेका पायाचा धागा सोडवत बसली. काही पिल्लं राहिली नाहीत. ती कडुलिंबाखाली पुरताना आपा मला म्हणाली की सगळी गेली तर इम्रानला काय सांगायचं, जिला पिल्लं सांभाळता येत नाहीत ती एकटी राहणार कशी? मी खड्ड्यावर माती लोटली. अंगाची लाही होणाऱ्या त्या उन्हाळ्यात, पंखासुद्धा न लावता, आम्ही दोघी त्या खोलीत घाम पुसत बसायचो. बाहेर सगळं गाव निपचित पडलेलं. आत पिवळा उजेड, भुशाचा वास, आणि बल्बच्या भोवती ऐसपैस पसरून झोपलेली पिल्लं. कधी डोळा लागायचा तेही कळत नसे. आयुष्यात इतकं शांत मला फार कमी वेळा वाटलं आहे.

पावसाळ्यात इम्रान आला. कोंबड्यांनी भरलेलं अंगण पाहिलं, त्यांच्यामागे ओरडत धावणारी आई पाहिली, आणि एकटाच परत गेला. त्यानंतरची सगळी वर्षं आपा स्वतःच्या घरात राहिली.

इम्रानच्या फोननंतर आपाला अमरावतीहून अकोल्यालाच आणलं. लोक येऊन गेले, घर रिकामं झालं. इम्रान म्हणाला, काकू, उद्या कोंबड्या कोणाला तरी देऊन टाकतो आणि घराला कुलूप लावतो. घर त्याचं. मी टोपलं काढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दोघं मिळून कोंबड्या टोपल्याखाली घालायला लागलो, तर एक सापडेना. गादीच्या खोलीत, एका जुन्या गादीच्या घडीत ती खुडूक होऊन बसली होती, अंगाखाली अंडी घेऊन. इम्राननं हात घातला तशी तिनं पिसं फुलवून चांगलीच टोच मारली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा टोच. तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला. बोटाला रक्त आलं होतं, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"काकू, हे तं अम्मीवानीच हाय," तो म्हणाला. "जागची हलतच नाई." आणि तीन दिवसांत पहिल्यांदा रडला.

टोपलं उचलून त्यानं बाकीच्या कोंबड्याही सोडून दिल्या. घर अजून विकलेलं नाही. संध्याकाळी मी जाते, गादीच्या खोलीतला दिवा लावते, आणि थोडा वेळ तिथंच बसून राहते...